सार्वजनिक क्रीडांगणे व युवकांची क्रीडामंडळे : मुंबईतील सामायिक वापराचा विचार

नगराच्या मालकीचे क्रीडांगण कायद्याच्या दृष्टीने सर्व नागरिकांचे असते. परंतु क्रिकेटची खेळपट्टी पाण्यावाचून आणि रोलरवाचून टिकत नाही, कबड्डीचे मैदान वरचेवर सारखे करावे लागते, आणि सायंकाळी मुलांना जमविणारे व शिकविणारे कोणी नसेल तर उत्तम क्रीडांगणही ओस पडते. ही कामे नगरप्रशासनाच्या हातून क्वचितच नीट होतात. ती करतात क्रीडामंडळे, व्यायामशाळा, खेळाडूंचे क्लब; आणि त्यांच्याजवळ स्वतःची जमीन सहसा नसते. एकाजवळ भूमी आहे, दुसऱ्याजवळ माणसे व कसब आहे. या दोहोंची सांगड घालणे हे आधुनिक नगरव्यवस्थेचे एक नित्याचे काम होऊन बसले आहे. दरडोई दोन चौरस मीटरांहूनही कमी मोकळी जागा उरलेल्या मुंबईसारख्या शहरात तर ते टाळताच येत नाही.

अशा सहकार्याचे स्वागत बहुधा सरसकट केले जाते, किंवा त्याचा धिक्कारही सरसकटच होतो. दोन्ही भूमिकांत एक महत्त्वाचा भेद दृष्टीआड होतो. क्रीडामंडळाला त्याच्या श्रमांच्या मोबदल्यात नगर दोन अगदी भिन्न गोष्टी देऊ शकते. एक म्हणजे ठराविक वेळी ठराविक जागा वापरण्याचा हक्क. दुसरी म्हणजे त्या जागेचा ताबा. पहिल्यात मंडळाची वेळ संपली की जागा आपोआप सर्वांची होते. दुसऱ्यात जागेला कुंपण पडते, फाटकाला कुलूप लागते आणि आत कोणाला घ्यावयाचे हे मंडळ ठरवू लागते. करारपत्रात दोहोंनाही ‘देखभालीसाठी सहकार्य’ असेच म्हटलेले असू शकते. मुंबईच्या इतिहासात हे दोन्ही प्रकार एकाच परिसरात, जवळजवळ एकाच कालखंडात उगम पावले. म्हणून त्यांची तुलना विशेष बोधक ठरते.

मुंबईच्या किल्ल्याभोवती तोफांच्या माऱ्यासाठी मोकळे ठेवलेले विस्तीर्ण पटांगण एस्प्लनेड या नावाने ओळखले जात असे. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दीत, 1860 नंतरच्या दशकात, किल्ल्याचे तट पाडण्यात आले आणि त्या पटांगणाचे रस्त्यांनी तुकडे झाले. आजचे आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज हे त्याचेच अवशेष होत. या पटांगणावर पारशी तरुण फार पूर्वीपासून क्रिकेट खेळत. त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब 1848 मध्ये स्थापन झाला होता. पुढे हिंदू व मुसलमान तरुणांचेही संघ निघाले. यांपैकी कोणाजवळही स्वतःचे मैदान नव्हते. सर्वांनी मिळून वापरावयाचे एकच पटांगण होते, आणि ते वापरण्याचा आधार म्हणजे केवळ वहिवाट.

1875 मध्ये युरोपीयांच्या बाँबे जिमखान्याची स्थापना झाली आणि थोड्याच वर्षांत, 1879 च्या सुमारास, पोलोचा वाद पेटला. मूठभर युरोपीय खेळाडू आठवड्यातून थोडाच वेळ पोलो खेळत. परंतु घोड्यांच्या टापांनी जमीन इतकी उखडली जाई की उरलेल्या दिवशी तिच्यावर चेंडू सरळ उसळणे अशक्य होई. देशी खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केले, जिमखान्याने उलट बाजू मांडली आणि हा झगडा कित्येक वर्षे चालला. शापूरजी सोराबजी यांनी 1897 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पारशी क्रिकेटविषयक ग्रंथात त्याची हकीकत विस्ताराने आली आहे. वंशभेदाच्या दृष्टीने या वादाचा विचार इतिहासकारांनी केलाच आहे. नगरव्यवस्थेच्या अभ्यासकाला त्यात आणखी एक गोष्ट दिसेल. येथे तंटा वेळेचा नव्हता. घड्याळाप्रमाणे पाहता देशी खेळाडूंच्या वाट्याला पोलोपेक्षा किती तरी अधिक तास येत होते. परंतु एका वापराने दुसऱ्या वापराची भूमीच नष्ट होत असल्यामुळे ते तास निरुपयोगी ठरत होते. केवळ तासांची वाटणी करून सामायिक वापर साधत नाही. शेजारी येणारे वापर एकमेकांना सोसवले पाहिजेत. आजच्या काळात पोलोची जागा मंडप, वाहनतळ आणि हेलिपॅड यांनी घेतली आहे, एवढाच फरक.

या प्रश्नावर सरकारने काढलेला तोडगा सामायिक वापराचा नव्हता, तो विभागणीचा होता. समुद्रकाठी, आजच्या मरीन ड्राइव्हच्या कडेला, पारशी, हिंदू व मुसलमान जिमखान्यांना वेगवेगळे भूखंड मिळाले. गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांच्या कारकीर्दीत (1890–1895) या व्यवस्थेला पक्के रूप आले. त्यामुळे त्या त्या समाजातील खेळाडूंना उत्तम मैदाने लाभली, हे नाकारता येत नाही. मुंबईच्या क्रिकेटचा दर्जा त्यांवरच वाढला. परंतु भूखंडाबरोबर सभासदत्व आले, आणि सभासदत्वाबरोबर प्रवेश देण्याचा व नाकारण्याचा अधिकार आला. चर्मकार समाजात जन्मलेले पळवणकर बाळू हे त्या काळचे श्रेष्ठ गोलंदाज. संघात त्यांना घेतल्यावाचून गत्यंतर नव्हते, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. त्यांचे बंधू विठ्ठल यांना ते 1923 मध्ये मिळाले. खेळातील अस्पृश्यता जिमखान्यांच्या भूखंडांनी निर्माण केली असे कोणी म्हणणार नाही. पण सार्वजनिक जमिनीवर कोणी खेळावे याचा निर्णय एका सभासदमंडळाच्या हाती गेला की समाजातील उच्चनीचता त्या निर्णयात उतरल्यावाचून राहत नाही. जातीय संघांची स्पर्धा 1946 मध्ये बंद झाली. भूखंड मात्र राहिले. त्यांच्या हिरवळीवर पुढे लग्नसमारंभही होऊ लागले, हे ताब्याच्या तर्काला धरूनच आहे.

दुसरा प्रकार आझाद मैदानावर रुजला, आणि त्याची रचना अधिक बारकाईने पाहण्याजोगी आहे. सुमारे 25 एकरांच्या या मैदानावर क्रिकेटच्या 22 खेळपट्ट्या असल्याचे सांगितले जाते. प्रत्येक खेळपट्टी कोणत्या ना कोणत्या क्लबाच्या निगराणीखाली असते. क्लबाचा माळी तिला पाणी घालतो, रोलर फिरवतो. हंगामात शेजारी क्लबाचा तंबू उभा राहतो. परंतु क्लबाची हद्द खेळपट्टीच्या थोडी पलीकडे संपते. भोवतालचे क्षेत्ररक्षणाचे आवार कोणा एकाचे नाही. एका सामन्यातील सीमारेषेजवळचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्यातील स्लिपच्या पाठीशी उभा असतो, आणि तिसऱ्या सामन्यातून आलेला चेंडू उचलून परत फेकण्याचे सौजन्य त्याने दाखवावे अशी अपेक्षा असते. परकीय पाहुण्यांना हे दृश्य गोंधळाचे वाटते. वस्तुतः तेथे एक कडक हिशोब आहे. साठ मीटर त्रिज्येचे स्वतंत्र वर्तुळाकार मैदान धरले तर त्याला सुमारे 11,300 चौरस मीटर जागा लागते. 25 एकर म्हणजे सुमारे 1,01,000 चौरस मीटर. प्रत्येक क्लबाने आपल्या वर्तुळाला कुंपण घातले असते तर तेवढ्या जागेत आठांहून अधिक मैदाने बसली नसती, आणि वर्तुळांच्या मधल्या फटी विचारात घेता आठही बसली असती की नाही याची शंकाच आहे. सीमा एकमेकींत मिसळू दिल्यामुळे तेथे बावीस खेळपट्ट्या मावल्या. कुंपण नसणे हेच येथील मुख्य भांडवल होय.

या भांडवलाचा लाभ शाळांना सर्वांत अधिक झाला. मुंबईतील बहुसंख्य शाळांना क्रिकेटला पुरेल असे पटांगण कधीच नव्हते. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेली हॅरिस शील्ड स्पर्धा अखंड वर्धिष्णू राहिली, कारण तिचे सामने क्लबांच्या आणि जिमखान्यांच्या खेळपट्ट्यांवर होत आले. फेब्रुवारी 1988 मध्ये शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी सेंट झेवियर्स शाळेविरुद्ध केलेली 664 धावांची अभेद्य भागीदारी याच आझाद मैदानावरची. नोव्हेंबर 2013 मधील पृथ्वी शॉ याच्या 546 धावाही तेथल्याच. विक्रमांचे कौतुक सर्वपरिचित आहे. येथे नोंद घ्यावयाची ती एवढीच, की त्या दोन्ही शाळांची मुले दुसऱ्याने राखलेल्या खेळपट्टीवर, सरकारच्या जमिनीवर, वेळापत्रकाने मिळालेल्या दिवशी खेळत होती. त्यांचे प्रशिक्षक रमाकांत आचरेकर (निधन 2 जानेवारी 2019) आपल्या शिष्याला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामन्यासाठी नेत, ही आख्यायिका नव्हे, तेंडुलकरांनीच सांगितलेली गोष्ट आहे. एका दिवसात अनेक मैदाने एका मुलाला खुली असणे, हे ज्या नगरात जमिनी वाटून कुंपणे घातली गेली आहेत तेथे संभवत नाही.

अर्थात ही व्यवस्था आपोआप चालत नाही. कांगा लीग ही डॉ. होरमसजी कांगा यांच्या स्मरणार्थ 1948 मध्ये सुरू झालेली पावसाळी स्पर्धा याचे उत्तम उदाहरण होय. अनेक श्रेणींतील संघांचे सामने एकाच दिवशी शहरभरच्या मैदानांवर लावावयाचे, तेही भर पावसात, म्हणजे कोणत्या क्लबाची खेळपट्टी कोणास द्यावयाची याचा निर्णय क्लबांच्या मर्जीवर सोडून भागत नाही. तो मुंबई क्रिकेट असोसिएशन ही 1930 मध्ये स्थापन झालेली संघटना करते. क्लबही तो मानतात, कारण आज दिलेली खेळपट्टी उद्या दुसऱ्याकडून मिळावयाची असते. सामायिक संपत्ती अनिर्बंध वापराने नष्टच होते असे गॅरेट हार्डिन यांनी 1968 मध्ये प्रतिपादन केले होते. त्याचे खंडन करताना एलिनॉर ऑस्ट्रम यांनी 1990 च्या आपल्या ग्रंथात दाखविले की, वापरणाऱ्यांनी स्वतः घडविलेले नियम, परस्परांवरील लक्ष आणि तंटे स्वस्तात मिटविण्याची सोय असेल तर अशी संपत्ती पिढ्यान् पिढ्या टिकते. ऑस्ट्रम यांची उदाहरणे कुरणे, कालवे व मासेमारीची आहेत. मैदानावरच्या खेळपट्ट्या त्या मालिकेत बसविण्यास हरकत दिसत नाही.

तथापि या व्यवस्थेचे गुण सांगताना तिचा पक्षपात झाकणे उचित होणार नाही. वहिवाटीने चालणाऱ्या वाटपात जुना क्लब सदैव पुढे असतो. ज्याचा तंबू पन्नास वर्षांपूर्वी उभा राहिला त्याची खेळपट्टी कायम. काल स्थापन झालेल्या मंडळाला मैदानाची कड. खेळांमधील तफावत तर याहून मोठी आहे. कबड्डीचे पुरुषांचे मैदान 13 मीटर लांब व 10 मीटर रुंद, म्हणजे 130 चौरस मीटर. खो-खोचे 27 बाय 16 मीटर, म्हणजे 432 चौरस मीटर. एका क्रिकेटसामन्याच्या जागेत कबड्डीची ऐंशीहून अधिक मैदाने मावतील. लालबाग-परळच्या कामगारवस्तीत ज्या खेळाने दोन-तीन पिढ्या घडविल्या, त्याला सार्वजनिक मैदानावर मिळालेली जागा या गणिताशी कोठेच जुळत नाही. मुलींचा प्रश्न आणखी वेगळा. त्यांना हवे असलेले तास दिवेलागणीच्या आधीचे असतात, आणि नेमके तेच तास पूर्वापार मुलग्यांच्या संघांनी व्यापलेले आहेत. वहिवाट ही नव्याने येणाऱ्याला नेहमीच प्रतिकूल असते. लिखित वेळापत्रक आणि त्याची मुदतबंद फेरतपासणी यांशिवाय यावर इलाज नाही.

नगरपालिकेच्या स्वतःच्या मालकीच्या मैदानावर काय घडते हे पाहण्यास दादरचे शिवाजी पार्क सोयीचे आहे. 1925 मध्ये महापालिकेने ते नागरिकांसाठी खुले केले. 1927 मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवछत्रपतींचे नाव मिळाले आणि 2020 मध्ये ते छत्रपती शिवाजी महाराज पार्क असे अधिकृतपणे विस्तारले. सुमारे 28 एकरांच्या या आवारात शिवाजी पार्क जिमखाना, समर्थ व्यायाम मंदिर यांसारख्या संस्थांना कडेच्या जागा आहेत, आणि मधला विस्तीर्ण भाग मोकळा आहे. फेब्रुवारी 2019 मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा येथेच भरली. ही मांडणी विचार करण्यासारखी आहे. संस्थांना ताबा मिळाला तो कडेचा. मधल्या भागावर त्यांना मिळतात ते तास. नेट लावले जाते, गुंडाळले जाते, आणि रात्री त्याच जागेवरून माणसे फिरतात. या ठिकाणी आणखी एक पक्ष पुढे आला, तो म्हणजे भोवतालचा रहिवासी. 2010 मध्ये उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र मानला. खेळेतर कार्यक्रमांचे दिवसही मोजून ठरविले गेले. त्यांची कमाल मर्यादा वर्षाकाठी 45 अशी राहिली. अलीकडच्या वर्षांत लाल मातीच्या धुळीवरून रहिवासी आणि प्रशासन यांच्यात तक्रारी चालू राहिल्या, कारण खेळपट्ट्यांना सोयीची असणारी माती खिडक्यांना सोयीची नसते. नगर आणि मंडळ यांच्या दुपक्षी करारात या तिसऱ्या पक्षाला स्थान नसते, आणि म्हणूनच तो न्यायालयात जातो.

महापालिकेच्या इतर असंख्य लहान मोकळ्या भूखंडांवर मात्र प्रवाह ताब्याच्या दिशेने गेला. मैदाने राखण्याची शक्ती आपल्याजवळ नाही असे मानून महापालिकेने खाजगी संस्थांना भूखंड दत्तक किंवा काळजीवाहू तत्त्वावर देण्यास आरंभ केला. काळजीवाहू तत्त्वात संस्थेला भूखंडाच्या काही भागावर बांधकाम करण्याची मुभा होती. हेतू असा की त्या उत्पन्नातून मैदान राखले जावे. परिणाम अनेक ठिकाणी उलटा झाला. बांधकाम हे मुख्य ठरले, मैदान त्याचे आवार झाले आणि परिसरातील मुलांना सभासद-शुल्काच्या दारातून जावे लागले. नागरिकांच्या विरोधामुळे हे धोरण वारंवार स्थगित झाले. जानेवारी 2016 मध्ये महापालिकेने संमत केलेल्या धोरणालाही राज्य शासनाने स्थगिती दिली आणि संस्थांकडील भूखंड परत घेण्याचे ठरले. 2023 मध्ये दत्तक धोरणाचा नवा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध झाला, तेव्हा तोच वाद पुन्हा उभा राहिला. या वादात एका बाजूला ‘महापालिका राखू शकत नाही’ आणि दुसऱ्या बाजूला ‘खाजगी हातांत देऊ नका’ अशी दोनच वाक्ये ऐकू येत होती. ताबा न देता काम करून घेण्याचा तिसरा मार्ग त्याच शहराच्या दक्षिण टोकाला शतकभर चालू आहे, याची आठवण चर्चेत क्वचितच निघाली.

परदेशांत हा मार्ग कायद्याने बांधलेला आढळतो. डेन्मार्कमध्ये नगरपालिकेने आपल्या शाळांच्या व्यायामशाळा व मैदाने मोकळ्या वेळात स्थानिक मंडळांना उपलब्ध करून द्यावीत, असे तेथील लोकशिक्षणविषयक कायदा सांगतो. पंचवीस वर्षांखालील सभासदांच्या उपक्रमांना तो अर्थसाहाय्यही देववितो. मंडळ लोकशाही पद्धतीने चाललेले आणि सर्वांना खुले असले पाहिजे, ही अट त्यात आहे. मंडळाला तेथे इमारत मिळत नाही; मंगळवारची सायंकाळ मिळते. पुढील वर्षी सभासद घटले तर ती सायंकाळ दुसऱ्याकडे जाऊ शकते. लहान, सधन व संघटित समाजाची व्यवस्था मुंबईला जशीच्या तशी लागू पडेल असे नाही. पण हक्काचे एकक चौरस मीटर न मानता तास मानणे, ही कल्पना कोणत्याही समाजाला उचलता येण्यासारखी आहे.

मुंबईत तिच्या प्रयोगाला सर्वांत योग्य जागा म्हणजे शाळांची पटांगणे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण आवश्यक मानले आहे, आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळेच्या इमारतीचा शाळेव्यतिरिक्तच्या वेळात समाजासाठी उपयोग व्हावा असे सुचविले आहे. तरीही शाळा सुटल्यावर फाटक बंद होते. मुख्याध्यापकांचा नकार बहुधा दुष्टपणाचा नसतो. सायंकाळी एखाद्या मुलाचा हात मोडला तर जबाबदार कोण, फुटलेल्या नळाचे पैसे कोणी द्यावयाचे, शौचालय कोण स्वच्छ करणार आणि रखवालदाराचे वाढीव तास कोणाच्या खात्यात धरावयाचे, या प्रश्नांना त्यांच्याजवळ लिखित उत्तर नसते, आणि उत्तर नसताना किल्ली हाती ठेवणे हाच सुरक्षित मार्ग असतो. सहकार्याच्या करारात क्रीडाविकासाची उद्दिष्टे पानभर लिहिलेली असतात. ही चार कलमे मात्र नसतात. विम्याचा हप्ता नगराने भरावा, दुरुस्तीसाठी मंडळाने लहानशी अनामत ठेवावी, वेळापत्रक फाटकावर मराठीत लावावे आणि त्यात मुलींच्या संघांचे तास आधी भरून मग उरलेले वाटावेत, अशी व्यवस्था एखाद्या प्रभागातील पाच-सहा शाळांवर वर्षभर करून पाहण्यास मोठा निधी लागणार नाही. खर्चाची मुख्य बाब रखवालदाराच्या तीन तासांच्या वेतनाची राहील, आणि ती शिक्षणखात्याने सोसावी की उद्यानखात्याने, हे आधी ठरवावे लागेल.